महाराष्ट्र व गोव्यातील तंबाखू-प्रतिबंध आणि तंबाखूमुक्तीचे प्रयत्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

तंबाखू ही भारतीय भूमीतील मूळ वनस्पती नव्हे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि अवघ्या काही पिढ्यांत इतकी रुळली की, ती परकी आहे याचे भानही समाजाला उरले नाही. पानाच्या तबकात, शेतकऱ्याच्या चंचीत, गवंड्याच्या खिशात आणि घरातील स्त्रियांच्या मशेरीच्या डबीत तिने आपले स्थान मिळविले. आदरातिथ्य, श्रमपरिहार आणि दंतमार्जन अशा परस्परांशी संबंध नसलेल्या तीन निमित्तांनी एकच पदार्थ घराघरांत पोहोचला, हे तंबाखूच्या प्रसाराचे एक वैशिष्ट्य होय.

तंबाखूच्या प्रसाराचा इतिहास काही प्रमाणात लिहिला गेला आहे. मात्र तिला आवर घालण्याच्या आणि सवय जडलेल्यांना ती सोडण्यास मदत करण्याच्या प्रयत्नांकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले जात नाही. हे प्रयत्न वैद्यकशास्त्राच्या किंवा कायद्याच्या कक्षेतील मानले जातात. वास्तविक एखादा समाज कोणत्या व्यसनाला व्यसन म्हणतो, कोणत्या व्यसनाकडे काणाडोळा करतो आणि कोणाच्या आरोग्याची काळजी आधी घेतो, हा सामाजिक इतिहासाचाच प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांतील तंबाखूविरोधी प्रयत्नांचा कालक्रमानुसार आढावा घेतला आहे. या प्रयत्नांचे टप्पे निश्चित करणे, संशोधन, कायदा व लोकशिक्षण या तीन प्रवाहांचा परस्परसंबंध तपासणे आणि तंबाखूच्या कोणत्या प्रकारांकडे व कोणत्या समाजघटकांकडे लक्ष उशिरा गेले ते पाहणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत.

पूर्वपीठिका : दरबार, महसूल आणि तंबाखू

दख्खनशी संबंधित तंबाखूचा एक प्रसिद्ध उल्लेख मुघल दरबारातील असद बेग याच्या वृत्तांतात आढळतो. अकबराने त्याला विजापूरच्या आदिलशाही दरबारी पाठविले होते. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथून परतताना त्याने तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी बरोबर नेली व बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने ती ओढून पाहिली. परंतु हकिमाने या अपरिचित पदार्थाबद्दल शंका व्यक्त करून बादशहाला परावृत्त केले. म्हणजे तंबाखूचे स्वागत आणि तिच्याविषयीचा वैद्यकीय संशय या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगी नोंदल्या गेल्या. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. या मनाईचा टिकाऊ परिणाम झाला नाही. उत्तरकाळातील अनेक बंदीहुकुमांचे भवितव्य पाहता ही घटना सूचक वाटते.

राज्यसंस्थेला तंबाखूमध्ये खरा रस निर्माण झाला तो महसुलाच्या निमित्ताने. पोर्तुगीज गोव्यात तंबाखूच्या विक्रीचा मक्ता दिला जाई आणि ब्राझीलमधील बाहिया प्रांतातून आलेल्या तंबाखूवर गोव्याच्या खजिन्याचे उत्पन्न बरेचसे अवलंबून असे. ब्रिटिश अमलात मुंबई शहरातील तंबाखूवरील जकातीसाठी १८५७ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, देशभरातील तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसविण्यात आला. या साऱ्या व्यवस्थेत तंबाखू हा आरोग्याचा विषय कोठेही नव्हता. शासन व तंबाखू यांचे नाते आधी कराचे आणि पुष्कळ नंतर आरोग्याचे, हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय पुढील काळातील धोरणांतील विसंगती उलगडत नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी विडी उद्योगाचा विस्तार झाला. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटीवर बहिष्कार घालण्यात आला आणि त्याचा लाभ विडीला मिळाला. विदर्भातील तेंदूपानांच्या आधारे गोंदिया-भंडारा परिसरात, तसेच सिन्नर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर या भागांत विडी वळणे हे हजारो कुटुंबांचे, विशेषतः स्त्रियांचे, उपजीविकेचे साधन बनले. सीमाभागातील निपाणी ही तंबाखूची मोठी बाजारपेठ ठरली. तेथे १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी आंदोलन केले आणि त्यात पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. तंबाखूविरोधी प्रयत्नांचा विचार करताना या प्रदेशात तंबाखू हे केवळ व्यसन नसून रोजगारही होता, हे वास्तव दृष्टीआड करता येत नाही.

नैतिक उपदेशाची परंपरा

वैद्यकीय पुरावा हाती येण्यापूर्वी तंबाखूला विरोध झाला तो नैतिक भूमिकेतून. वारकरी संप्रदायात माळ घालणाऱ्याने व्यसनांपासून दूर राहावे, हा संकेत गावोगाव परिचित होता. गाडगेबाबांची कीर्तने आणि तुकडोजी महाराजांचे ग्रामोन्नतीचे कार्य यांमधून व्यसनमुक्तीचा विचार बहुजन समाजापर्यंत गेला. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यविषयक जे छोटे पुस्तक लिहिले आणि जे ‘आरोग्याची किल्ली’ म्हणून ओळखले जाते, त्यात तंबाखूचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे. ओढणे, चघळणे व तपकीर ओढणे या तिन्ही प्रकारांना त्यांनी सारखेच त्याज्य ठरविले, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. पुढील अर्धशतकात कायद्याने मात्र हे तिन्ही प्रकार एकत्र विचारात घेतले नाहीत.

नैतिक उपदेशाच्या या परंपरेला मर्यादाही होत्या. तिच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने दारू होती. दारूने संसार उद्ध्वस्त होतो हे डोळ्यांना दिसत होते; तंबाखूने होणारी हानी वीस-तीस वर्षांनी प्रकट होत असल्याने ती दिसत नव्हती. त्यामुळे ‘निर्व्यसनी’ म्हणविणारी व्यक्ती निःसंकोचपणे तंबाखू मळत असे, आणि समाजालाही त्यात काही विसंगत वाटत नसे.

संशोधनाचा टप्पा : मुंबईतील प्रारंभ

तंबाखूची हानी ‘दिसू’ लागली ती कर्करोगाच्या अभ्यासामुळे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांमध्ये मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत फार मोठे होते. खानोलकरांनी या भेदाची कारणे वंशात न शोधता लोकांच्या सवयी व चालीरीतींत शोधली. हा दृष्टिकोन त्या काळी महत्त्वाचा ठरला. कारण रोग वंशगत असेल तर त्यावर उपाय नाही, परंतु तो सवयीतून येत असेल तर टाळता येतो.

१९५५ मध्ये डॉ. ल. द. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू ओढणे व चघळणे या दोन्ही सवयींचा वरच्या अन्नमार्गाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यात आकडेवारीनिशी मांडण्यात आला होता. पाश्चात्त्य देशांत त्या वेळी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग या विषयावर वाद चालू असताना मुंबईतील संशोधक चघळण्याच्या तंबाखूकडे लक्ष वेधत होते, हे या प्रदेशाचे स्वतंत्र योगदान मानावे लागेल. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या ऊती कठीण होऊन तोंड उघडेनासे होण्याच्या विकाराचे वर्णन केले. चार दशकांनंतर गुटख्याच्या प्रसाराबरोबर हाच विकार तरुणांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळू लागला.

१९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. या संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोग नोंदणीचे कार्य सुरू केले. लोकसंख्येवर आधारित अशी ही भारतातील पहिली नोंदणी होय. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी म्हणजे केवळ मोजदाद नव्हे. ग्रामीण रुग्ण दवाखान्यात येतच नसे, आला तर फार उशिरा येई. त्याच्या रोगाची नोंद होण्यासाठी कार्यकर्त्यांना गावात जावे लागले. या फेऱ्यांतून लवकर निदानाचा आणि तंबाखूविषयीचा संदेशही गावांत पोहोचला.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मूलभूत दंतसंशोधन विभागाचे कार्य या संदर्भात मौलिक आहे. डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली या विभागाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशाच्या विविध जिल्ह्यांत घरोघर जाऊन मुखतपासणी केली. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण स्त्रियांमधील मशेरीचा वापर या पाहणीत ठळकपणे पुढे आला. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड करून ती दातांना लावण्याची ही पद्धत. दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून तिचा आरंभ होई आणि पुढे दिवसातून अनेकदा लावण्याची सवय जडे. ती लावणाऱ्या स्त्रीला मात्र आपण तंबाखूचे सेवन करीत आहोत असे वाटत नसे.

याच विभागाने पुढे केवळ पाहणीवर न थांबता हस्तक्षेपाचा प्रयोग हाती घेतला. केरळमधील एर्नाकुलम, गुजरातमधील भावनगर आणि आंध्रमधील श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू सेवकांना व्यक्तिगत सल्ला, चित्रपट, भित्तिपत्रके, वृत्तपत्रे व आकाशवाणी यांद्वारे सवय सोडण्यास प्रवृत्त करण्यात आले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. प्रकाश गुप्ता, मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. सल्ला मिळालेल्या समूहात सवय सोडणाऱ्यांचे व कमी करणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांसारखी कर्करोगपूर्व लक्षणे नव्याने उद्भवण्याचे प्रमाण घटले. निरक्षर ग्रामीण माणूसही योग्य शब्दांत सांगितल्यास तंबाखू सोडू शकतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले. मुंबईतील संस्थेने केलेल्या या प्रयोगाचे तिन्ही जिल्हे महाराष्ट्राबाहेरचे होते, याचीही नोंद घ्यावी लागते. ज्या पुणे जिल्ह्यात मशेरीचे व्यापक चित्र आढळले होते, त्याचा या मोठ्या प्रयोगात समावेश नव्हता.

१९९२ ते १९९४ या काळात मुंबईत ३५ वर्षे व त्यावरील वयाच्या ९९,५९८ व्यक्तींची पाहणी झाली. हातात मावणाऱ्या संगणकांवर माहिती नोंदविण्याची पद्धत त्यात अवलंबिण्यात आली. पाहणी केलेल्यांपैकी पुरुषांत ६९.३ टक्के व स्त्रियांत ५७.५ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. स्त्रियांचे सेवन जवळजवळ सर्वस्वी धूररहित तंबाखूचे होते. २००४ मध्ये मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या अभ्यासातून असे दिसून आले की, धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे जन्मवजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी असते. मशेरीचा प्रश्न अशा रीतीने एका स्त्रीच्या दातांपुरता न राहता पुढच्या पिढीच्या आरोग्याचा ठरला.

कायद्याचा टप्पा : सिगारेटपासून गुटख्यापर्यंत

संशोधनाने चघळण्याच्या तंबाखूकडे बोट दाखविले असले तरी कायद्याचे लक्ष प्रथम सिगारेटकडे गेले. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा सक्तीचा केला. विडी व चघळण्याची तंबाखू त्यातून वगळली गेली. चघळण्याच्या तंबाखूच्या वेष्टनावर इशारा छापण्याची सक्ती १९९० मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांद्वारे झाली. १९९२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास बंदी घालण्यात आली. ही बंदी कारखान्यात तयार होणाऱ्या दंतमंजनाला लागू पडली. घरातल्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत कायद्याचा हात पोहोचणे शक्यच नव्हते.

या काळात गोव्याने घेतलेला पुढाकार महत्त्वाचा आहे. कर्करोग शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखू निर्मूलनासाठी राष्ट्रीय पातळीवरील संघटना उभारून गोव्यात जनमत तयार केले. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांना प्रतिबंध करणारा गोव्याचा १९९७ चा कायदा ही या जागृतीची परिणती होय. धूम्रपानाबरोबर थुंकण्याचाही विचार करणारा हा कायदा भारतीय वास्तवाच्या अधिक जवळ होता. कारण येथे तंबाखू जितकी ओढली जाते त्याहून अधिक चघळली व थुंकली जाते. गोव्याने २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटख्यावरही बंदी आणली.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाबाबत मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. तिच्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश देताना न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये, सभागृहे व सार्वजनिक वाहने यांतील धूम्रपानास देशभर मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्याने दुसऱ्याच्या धुराचा त्रास का सोसावा, हा या खटल्यातील मूलभूत प्रश्न होता. २००३ मध्ये सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा व्यापक केंद्रीय कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालील व्यक्तींना आणि शिक्षणसंस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास त्याने प्रतिबंध केला.

महाराष्ट्राच्या इतिहासात गुटखाबंदीचे प्रकरण स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावे असे आहे. सुपारी, कात, चुना, सुगंधी द्रव्ये व तंबाखू यांचे तयार मिश्रण छोट्या पुड्यांत विकले जाऊ लागल्यावर ते शाळकरी मुलांच्याही हाती पडले. १ ऑगस्ट २००२ पासून राज्य शासनाने अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली गुटखा व पानमसाला यांवर पाच वर्षांसाठी बंदी घातली. उत्पादकांनी तिला आव्हान दिले. २ ऑगस्ट २००४ रोजी गोदावत पानमसाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरविली. राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याचा अधिकार स्थानिक व तात्पुरत्या आणीबाणीपुरता मर्यादित असून कायमस्वरूपाचे धोरण ठरविणे केंद्राच्या कक्षेत येते, असा या निर्णयाचा आशय होता. गुटखा आरोग्याला अपायकारक नाही असे न्यायालयाने म्हटले नव्हते. प्रश्न अधिकाराचा होता. तथापि सामान्य जनतेपर्यंत पोहोचला तो एवढाच अर्थ, की बंदी उठली.

आठ वर्षांनंतर परिस्थिती बदलली. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये झाला आणि त्याखालील २०११ च्या विनियमांनी कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू व निकोटीन घटक म्हणून वापरण्यास मनाई केली. या आधारावर मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये गुटखाबंदी केली आणि महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये तिचे अनुकरण केले. या वेळी शासनाबरोबर एक नवा घटक उभा होता. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या मोहिमेत जबडा वा जीभ गमावलेले रुग्ण स्वतः लोकप्रतिनिधींना भेटून आपली कहाणी सांगत होते. आकडेवारीला जे साध्य झाले नव्हते ते या चेहऱ्यांनी साधले, असे म्हणणे वावगे ठरू नये. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये बंदीला अंतरिम स्थगिती देण्यास नकार दिला. २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारी यांचाही बंदीत समावेश झाला.

बंदीची मर्यादाही लवकरच स्पष्ट झाली. गुटखा एकाच पुडीत मिळेनासा झाला तेव्हा पानमसाल्याची एक व तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या शेजारी शेजारी विकल्या जाऊ लागल्या आणि ग्राहक त्या हातावर एकत्र करू लागला. शेजारच्या राज्यांतून चोरटी वाहतूक सुरू झाली. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून पानटपरीवर तयार होणारा खर्रा आणि अन्यत्र मावा हे जुनेच प्रकार गुटख्याची जागा भरून काढण्यास तयार होते. पुढे २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घालणारी राज्य दुरुस्ती आणि २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवरील बंदी हे आणखी दोन उपाय योजण्यात आले. यांतील दुसऱ्या उपायामागील विचार असा, की सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकिटावरील इशारा कधी पडतच नाही.

सवय सोडविण्याचे प्रयत्न : उशिरा आलेला प्रवाह

संशोधन व कायदा यांच्या तुलनेत, सवय जडलेल्या व्यक्तीला ती सोडण्यासाठी मदत करण्याचा विचार सर्वांत उशिरा आला. महाराष्ट्रात संस्थात्मक व्यसनमुक्तीचे युग १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने आणले. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या सहकार्याने ते उभारले. त्याचे तातडीचे कारण तरुणांमध्ये पसरलेले गर्दचे व्यसन हे होते. व्यसनी व्यक्ती गुन्हेगार वा पापी नसून रुग्ण आहे, त्याला उपदेशापेक्षा आधाराची गरज आहे, ही दृष्टी अशा कार्यामुळे मराठी समाजात रुजली. तंबाखूच्या बाबतीत मात्र ही दृष्टी लागू व्हायला आणखी दोन दशके जावी लागली.

२००२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने देशात १३ तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली. त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाचा समावेश होता. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला. २०१६ मध्ये दिल्ली येथून दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा सुरू झाली आणि २०१८ मध्ये तिचा विस्तार करताना मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालयही तीत सहभागी झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून या सेवेचा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. ‘हे घेऊ नका’ असे सांगणाऱ्या वेष्टनावर ‘सोडायचे असल्यास येथे विचारा’ हे प्रथमच छापले गेले. १९७५ चा इशारा आणि २०१८ चा हा क्रमांक यांमधील त्रेचाळीस वर्षांचे अंतर बोलके आहे.

शालेय स्तरावर २००२ मध्ये स्थापन झालेल्या सलाम बॉम्बे फाउंडेशनने महानगरपालिकेच्या शाळांतील मुलांसाठी तंबाखूविरोधी जीवनकौशल्य शिक्षणाचे कार्य केले. तंबाखूमुक्त शाळेचे निकष ठरवून ते ग्रामीण महाराष्ट्रातील शाळांपर्यंतही नेण्यात आले. मुलांनी घरातील मोठ्यांना तंबाखू सोडण्याची गळ घालावी, हा या कार्याचा एक अप्रत्यक्ष लाभ होय.

ग्रामीण व आदिवासी भागातील सर्वांत व्यापक प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा या जिल्ह्यातील दारूमुक्तीच्या लोकचळवळीत पुढाकार होता आणि १९९३ मध्ये तेथे दारूबंदी लागू झाली. दारूविरुद्ध संघटित झालेल्या या जिल्ह्यात खर्रा मात्र घराघरांत होता. २०१६ मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट व सर्च यांच्या सहकार्याने सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने दारू व तंबाखू यांचा एकत्रित विचार केला. जनजागृती, गावपातळीवरील संघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनी व्यक्तींवर उपचार ही त्याची चार अंगे होत. आतापर्यंत सुटे सुटे वाहणारे प्रवाह एकाच जिल्ह्यात एकत्र आणण्याचा हा प्रयत्न असल्याने त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. गावाने स्वतः ठराव करून विक्री थांबविणे आणि त्याच गावात सोडू इच्छिणाऱ्यांसाठी उपचाराची सोय करणे या दोन्ही गोष्टी परस्परपूरक आहेत. केवळ पहिली केली तर माणूस शेजारच्या गावात जातो. केवळ दुसरी केली तर उपचारातून परतताना त्याला वाटेत टपरी भेटते.

फलनिष्पत्ती : काय बदलले व काय उरले

देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांमधून या प्रयत्नांच्या फलिताची काही कल्पना येते. महाराष्ट्रात २००९-१० मध्ये ३१.४ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. धूम्रपानाचे प्रमाण ६.६ वरून ३.८ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर उतरले. धूररहित तंबाखूचे प्रमाण २७.६ वरून २४.४ टक्के इतकेच घटले. पुरुषांतील एकूण सेवन ४२.५ वरून ३५.५ टक्क्यांवर आले. स्त्रियांत ते १८.९ वरून १७ टक्के एवढेच कमी झाले. गोव्यात २०१६-१७ मध्ये हे एकूण प्रमाण ९.७ टक्के होते.

घट झाली हे निर्विवाद आहे. परंतु ती कोठे अधिक व कोठे कमी झाली, हे पाहता एक संगती दिसून येते. ज्या प्रकाराविरुद्ध कायदा सर्वांत आधी व सर्वांत स्पष्टपणे उभा राहिला, त्या धूम्रपानात घट मोठी आहे. ज्या प्रकाराची हानी मुंबईतील संशोधकांनी १९५५ मध्येच दाखवून दिली होती, त्या धूररहित तंबाखूत ती अल्प आहे. आणि ज्या समाजघटकाची सवय घराच्या आत, चुलीजवळ राहिली, त्या स्त्रियांमध्ये ती सर्वांत अल्प आहे. या फरकामागे आर्थिक व सामाजिक अशी अनेक कारणे असू शकतात. सर्व श्रेय वा अपश्रेय कायद्याला देणे योग्य होणार नाही. तरीही प्रयत्नांचा क्रम हानीच्या प्रमाणानुसार न ठरता दृश्यतेनुसार ठरला, असे म्हणण्यास पुरेसा आधार मिळतो. सिगारेटचा धूर चारचौघांत दिसतो, गुटख्याची पुडी रस्त्यावर दिसते; मशेरीची डबी कोणालाच दिसत नाही.

उपजीविकेचा प्रश्नही असाच अर्धवट राहिला. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये सेवाशर्तींचा आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. मात्र विडीचा खप कमी झाल्यास ती वळणाऱ्या स्त्रीने काय करावे, या प्रश्नाला तंबाखू नियंत्रणाच्या धोरणांत मध्यवर्ती स्थान मिळाले नाही. एका स्त्रीच्या आरोग्यासाठी जे हितकर, ते दुसऱ्या स्त्रीच्या चुलीसाठी संकट ठरू नये, याची तरतूद प्रतिबंधाच्या धोरणाबरोबरच होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत आढाव्यातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. महाराष्ट्र व गोव्यातील तंबाखूविरोधी प्रयत्न नैतिक उपदेश, वैद्यकीय संशोधन, कायदा आणि समुपदेशन या क्रमाने विकसित झाले. नवा टप्पा आला म्हणून जुना संपला नाही; परंतु त्यांच्यात समन्वय मात्र उशिरा साधला गेला.

२. धूररहित तंबाखू व मुखाचा कर्करोग यांच्या संबंधाचे ज्ञान या प्रदेशातच लवकर निर्माण झाले. तथापि कायद्याने सिगारेटला प्राधान्य दिले आणि ज्ञान व धोरण यांच्यात अनेक दशकांचे अंतर पडले.

३. २००२ ची फसलेली व २०१२ ची टिकलेली गुटखाबंदी यांची तुलना केली असता भक्कम कायदेशीर आधार व संघटित लोकमत या दोहोंची आवश्यकता स्पष्ट होते. त्याचबरोबर एका पदार्थावरील बंदीने सवय नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या पदार्थाकडे वळते, हेही सिद्ध होते.

४. सवय सोडण्यासाठी मदत हा या इतिहासातील सर्वांत दुर्बल दुवा राहिला. गडचिरोलीसारख्या प्रयोगांनी तो बळकट करण्याची दिशा दाखविली आहे.

५. मशेरी लावणारी स्त्री संशोधनात वारंवार नोंदली गेली. कायद्यात व उपचारकेंद्रांत मात्र ती क्वचितच आली.

पुणे जिल्ह्यातील गावांत घरोघर जाऊन ज्या स्त्रियांची मुखतपासणी झाली, त्यांच्या नाती आज प्रौढ आहेत. गावातील आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती त्यांच्या घरी गर्भारपणात व बाळंतपणात जातच असतात. वजन, रक्तदाब व लसीकरण यांबरोबर ‘मशेरी लावता का, आणि सोडायची असेल तर मदत हवी का’ हा प्रश्न त्या भेटीत नियमाने विचारला गेला, तर १९५५ मध्ये मुंबईत लागलेला शोध त्याच्या खऱ्या हकदारांपर्यंत पोहोचला असे म्हणता येईल. इतिहासाच्या अभ्यासातून वर्तमानासाठी निघणारा हा सर्वांत साधा व सर्वांत निकडीचा बोध आहे.